धागा: लहानपणची आठवण लघुपटात – कॅमेऱ्याला किती कळू द्यायचं?

खिडकी (धागाकर्ती)

पहिला लघुपट करताना अनेक जण बालपणाकडे वळतात आणि त्यातले बरेचसे एकाच जागी अडतात. आठवण खरी असते, चित्रणही नेटकं असतं, तरी पडद्यावर येतो तो मोठ्या माणसाने काढलेला गहिवर. मूल त्यात नसतंच. माझ्या मते याचं कारण पटकथेत आहे. आज जे कळतं ते सगळं लिहिणारा त्या वेळच्या मुलाच्या डोक्यात घालतो.

त्यासाठी एक पद्धत सुचवते. कागदावर तीन रकाने आखा: 'तेव्हा पाहिलं', 'तेव्हा ऐकलं', 'नंतर कळलं'. एकाच प्रसंगाबद्दल जे आठवतं ते त्या त्या रकान्यात टाका. पहिल्या दोन रकान्यांत फक्त नामं आणि क्रियापदं लिहायची, भावना नाहीत. 'आई दुःखी होती' हे तिसऱ्या रकान्यातलं. 'आईने एकच ताट तीनदा पुसलं' हे पहिल्यातलं. लघुपट पहिल्या दोन रकान्यांवर बेतायचा. तिसरा प्रेक्षकाने स्वतः भरायचा. तिसऱ्यातली एक ओळ जरी संवादात शिरली तरी सगळा डोलारा खाली येतो.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक काल्पनिक प्रसंग घेऊ. सात वर्षांच्या मुलीचं घर रिकामं होतंय. आईवडील वेगळे होताहेत, पण तिला तो सामान हलवण्याचा खेळ वाटतोय. लांबी ९ मिनिटं, जागा एकच घर, चित्रणाचे दिवस तीन. कॅमेरा, मुलांकडून काम, जुनं फुटेज, ध्वनी, निवेदन, सगळ्यावर लिहा.

कातरवेळ

कॅमेऱ्यापासून सुरू करतो. सात वर्षांच्या मुलाची उंची साधारण १२० सेंमी असते, म्हणजे डोळे ११० सेंमीच्या आसपास. जमिनीवर मांडी घालून बसलं की ५५ सेंमी. हे दोन आकडे कॉल शीटवरच (त्या दिवसाच्या चित्रणाच्या तपशिलाचा कागद) लिहून ठेवा. ११० ला कुठलाही ट्रायपॉड चालतो. ५५ साठी पाय पूर्ण फाकवता येणारा ट्रायपॉड किंवा धान्य भरलेली पिशवी लागते, आणि ती आयत्या वेळी सापडत नाही.

उंची मुलाची ठेवली तरी एक चूक हमखास होते. मोठं माणूस बोलायला लागलं की छायाचित्रकार सवयीने कॅमेरा जागच्या जागी वर कलवून (टिल्ट) चेहरा चौकटीत घेतो. तसं करू नका. मोठी माणसं कमरेपासून गुडघ्यापर्यंत दिसू द्या: हात, पिशव्या, किल्ल्या, पदर. चेहरा तेव्हाच दिसावा, जेव्हा कुणीतरी मुद्दाम तिच्यासाठी खाली वाकतं. नऊ मिनिटांत असं एकदाच झालं तर त्या वाकण्याला वजन येतं.

लेन्स: फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) कॅमेऱ्यावर ३५ किंवा ४० मिमी. फोनची मुख्य लेन्स साधारण २४–२६ मिमीच्या बरोबरीची असते. तिने ६० सेंमीपेक्षा जवळून चेहरा घेतला तर नाक मोठं दिसतं आणि प्रसंग नकळत विनोदी होतो. थोडं मागे जा किंवा फोनच्या दुप्पट झूमच्या लेन्सवर (टेलि) घ्या.

अॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) उगाच उघडू नका. ५० मिमी लेन्स, दीड मीटर अंतर, एफ १.८ असेल तर जेमतेम १० सेंमी खोलीचा भाग स्पष्ट राहतो. एफ ४ ला तो २० सेंमीच्या थोडा वर जातो. मूल एका जागी उभं राहत नाही, त्यामुळे एफ १.८ वरचे चांगले टेक फोकसपायी वाया जातात. शिवाय मागचं सगळं धूसर केलं तर रिकामं होत जाणारं घर दिसणार कुठे?

घरातल्या दिव्यांचं लुकलुकणं: वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद. २४ फ्रेमवर चित्रित करत असाल तर १८० अंशांचं शटर (प्रत्येक फ्रेमच्या निम्म्या वेळेपुरतं उघडं) १/४८ होतं आणि काही दिव्यांखाली पट्टे फिरताना दिसतात. १७२.८ अंश ठेवलं की बरोबर १/५० मिळतं. ६० हर्ट्झला १/६०.

सावली

पण आठवणीत आपण स्वतःला बाहेरूनही पाहतो ना? मग सगळं मुलीच्या नजरेतूनच का?

कातरवेळ

मुद्दा रास्त आहे. निग्रो आणि नायसर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली नेमका हाच फरक मांडला: काही आठवणी आपण स्वतःच्या डोळ्यांतून पाहतो, काहींत आपण स्वतःच दृश्यात दिसतो, आणि जुन्या आठवणींत दुसरा प्रकार जास्त आढळतो. म्हणजे मुलगी चौकटीत दिसणं आठवणीच्या स्वभावाला धरूनच आहे. मी उंचीबद्दल बोलतोय, तिच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या शॉटबद्दल नाही. कॅमेरा तिच्या शेजारी, तिच्याच उंचीवर, साधारण एका हाताच्या अंतरावर उभा राहिलेला सोबती समजा. तिला जे ठाऊक नाही ते त्यालाही ठाऊक नाही. ती ज्या खोलीत गेली नाही तिथे तो जात नाही.

भिंगरी

मुलांबरोबरचं काम हा इथला सर्वांत अवघड भाग आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

निवड: दहा-पंधरा मिनिटांची एक भेट घ्या. संवाद म्हणायला लावू नका. दुसरं कुणी बोलत असताना मूल ऐकतं कसं ते पाहा, कारण पडद्यावर बोलण्यापेक्षा ऐकणं जास्त दिसतं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा बोलवा. पहिल्या भेटीतला मोकळेपणा दुसऱ्या भेटीत टिकतो का, हीच खरी चाचणी.

पटकथा मुलाच्या हाती देऊ नका आणि पालकांनाही घोकून घ्यायला देऊ नका. पालकांनी पाठ करून घेतलेल्या संवादाला एक ठरावीक हेल लागतो आणि तो सेटवर कितीही प्रयत्न केला तरी निघत नाही. पालकांना गोष्ट पूर्ण सांगा, लेखी संमती घ्या, त्यांच्यातलं एक जण कायम सेटवर हवं. बालकलाकारांच्या कामाच्या तासांचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते आधी तपासा. नियम काहीही असो, या वयात दिवसाला चार तासांच्या वर काम नको, आणि तेही २५–३० मिनिटांच्या तुकड्यांत, मूल झोपून-खाऊन ताजं असतानाच.

दिग्दर्शन करताना भावना मागू नका, काम द्या. 'उदास हो' म्हटलं की मूल ओठ पाडतं. त्याऐवजी खोक्याची दोरी खरोखर घट्ट बांधा आणि 'ही गाठ सोड' म्हणा. गाठ सुटत नसताना चेहऱ्यावर जे येतं त्याच्या मागेपुढे बाबांचे बूट दाराबाहेर जाताना दाखवले की प्रेक्षकाला हवं ते मिळतं. मूल रडावं म्हणून त्याला घाबरवणं, खोटं सांगणं, त्याची आवडती वस्तू लपवणं हे कधीही करू नका. यावर तडजोड नाही. ज्या शॉटसाठी ते करावं लागतं तो शॉट चुकीचा लिहिलेला असतो.

टेक: पहिले तीन जिवंत असतात, पाचव्यानंतर मूल मागच्या टेकची नक्कल करू लागतं. तेव्हा काम बदला: गाठ वेगळी, खोकं वेगळं. 'अॅक्शन' मोठ्याने ओरडू नका. कॅमेरा गुपचूप सुरू ठेवा, गप्पांतून कामात शिरा आणि क्लॅप (चित्र आणि आवाज जुळवायची पाटी) शेवटी उलटा धरून मारा. फाईलच्या नावापुढे 'शेवटी क्लॅप' अशी नोंद करा, नाहीतर संकलक सुरुवातीला शोधत बसतो.

रोज मुलीचे त्या दिवसाचे सगळे शॉट आधी घ्या. ती घरी गेल्यावर मोठ्यांचे घ्या, नजर कुठे ठेवायची त्यासाठी ११० सेंमीवर स्टँडला पट्टी चिकटवा.

आणि दात! सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे दात पडतात. निवडीनंतर महिनाभराने चित्रण ठेवलंत तर मधल्या काळात चेहरा बदललेला असू शकतो. हलणारा दात निवडीच्याच वेळी विचारून घ्या आणि तीनही दिवस सलग ठेवा. केस कापू नका हे पालकांना लेखी कळवा.

सावली

शेवटी तीच मुलगी मोठी झालेली दाखवायची असेल तर चेहरा जुळणारी अभिनेत्री शोधायची का?

भिंगरी

चेहऱ्याच्या मागे लागू नका. एक हालचाल जुळवा. दोरीचं टोक ओठात धरायची लकब लहान मुलीची असेल (ती तिचीच असू द्या, आपण शिकवलेली नको) तर मोठीला ती शिकवा. मोठं माणूस लहानाची नक्कल करू शकतं, उलट होत नाही. म्हणून लहान मुलीचं चित्रण आधी. पण या गोष्टीत मोठी मुलगी हवीच का, याचा आधी विचार व्हावा. ती आली की तिसरा रकाना बोलायला लागतो.

रीळ

जुन्या फुटेजबद्दल. घरात खरंच जुन्या कॅसेट असतील तर आधी त्यांची प्रकृती पाहा, मग पटकथेत त्यांना जागा द्या.

मिनी डीव्ही (छोटी डिजिटल कॅसेट): फायरवायरने (डिजिटल तारेने) जसंच्या तसं संगणकावर उतरवा. तासाला साधारण १३ जीबी लागतात. अॅनालॉग तारेने उतरवलंत तर विनाकारण दर्जा जातो. चित्र पाल या टीव्ही पद्धतीचं असेल तर ७२० बाय ५७६, आणि त्याचे पिक्सेल चौरस नसतात. ४:३ चं चित्र चौरस पिक्सेलमध्ये ७६८ बाय ५७६ असं ताणलं नाही तर माणसं किंचित बारीक दिसतात. चित्र इंटरलेस्ड असतं, म्हणजे एका फ्रेमच्या एकाआड एक ओळी दोन भागांत (फील्ड) येतात; डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी. हा क्रम उलटा लागला की हालचाल मागेपुढे थरथरते, आणि नवखे लोक तो 'जुनेपणाचा परिणाम' समजून तसाच ठेवतात.

व्हीएचएस: कॅसेटच्या खिडकीतून पाहा. टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट लावू नका, प्लेअरचं हेड खराब होतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही बुरशी लागते.

सुपर ८ (८ मिमीची घरगुती फिल्म): एका ५० फुटी काडतुसात (फिल्मच्या बंद डबीत) ३६०० फ्रेम. सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगाने ३ मिनिटं २० सेकंद, २४ ने अडीच मिनिटं. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्मचा अॅसिटेटचा पाया सडू लागला आहे. ती रिळं इतरांपासून वेगळी ठेवा आणि आधी तीच स्कॅन करा. जुन्या प्रोजेक्टरवर चालवून बघायचा मोह टाळा, आकसलेल्या फिल्मची छिद्रं फाटतात. स्कॅन फ्रेमगणिक करून घ्या. २४ च्या टाइमलाइनवर आणताना प्रत्येक तिसरी फ्रेम दोनदा वापरली की मूळचा वेग राहतो.

कागदी फोटो: ६ बाय ४ इंचाचा फोटो ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की ३६०० बाय २४०० पिक्सेल मिळतात. १९२० बाय १०८० च्या चित्रात साधारण अर्ध्या फोटोपर्यंत आत जाता येतं. निगेटिव्ह मिळत असेल तर तीच घ्या, ४००० डीपीआयला ३५ मिमीच्या फ्रेमची रुंदी साडेपाच हजार पिक्सेलच्या वर जाते. काचेला चिकटलेला फोटो सोलू नका, काचेसकट टिपा. दोन दिवे ४५ अंशांवर, दिव्यांवर पोलरायझर (चमक गाळणारा फिल्टर) आणि लेन्सवर आडवा फिरवलेला दुसरा: चमक निघून जाते.

आता नकली जुनेपणा. धूळ-ओरखड्यांचा फिल्टर टाकू नका. घरगुती चित्रण जुनं वाटतं ते ओरखड्यांमुळे नाही, तर कॅमेरा कुणाच्या तरी हातात असतो म्हणून. ते कोण आहे हे आधी ठरवा. या गोष्टीत वडील असतील तर कॅमेऱ्याची उंची वडिलांची होईल, मध्येच झूम होईल, श्वास ऐकू येईल, मुलगी थेट लेन्समध्ये बघून बोलेल. नऊ मिनिटांत फक्त इथेच कॅमेरा वरून खाली पाहील. खरा जुना कॅमकॉर्डर मिळाला तर त्यावरच चित्रित करा.

कानोसा

ध्वनीचा विषय निघालाच नाही, आणि या प्रसंगात तर अर्धी गोष्ट ध्वनीच सांगू शकतो. सामान निघून गेलं की खोली घुमायला लागते. गाद्या, पडदे, कपडे आवाज शोषतात, ते गेले की तोच आवाज लांबतो. सात वर्षांच्या मुलीला हे सर्वांत आधी कळेल, आणि ती घुमणाऱ्या खोलीत ओरडून बघेल. हा खेळच आहे तिच्यासाठी.

म्हणून घर भरलेलं, अर्धं आणि रिकामं अशा तिन्ही अवस्थांत प्रत्येक खोलीचा एक मिनिट रूम टोन (कुणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज) घ्या. शिवाय प्रत्येक अवस्थेत एक फुगा फोडून तो आवाज स्वच्छ घ्या. पुढे डबिंग करावं लागलं तर कन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये (नमुन्यावरून घुमारा उभा करणारं सॉफ्टवेअर) तोच नमुना टाकून त्याच खोलीचा घुमारा मिळतो. हे चित्रणाच्या दिवशीच होतं, नंतर घर मिळत नाही.

मोठ्यांचं भांडण बंद दारामागून ऐकू येणार असेल तर नुसता लो-पास (उंच कंप्रता कापणारा) फिल्टर लावू नका. तो पाण्याखालचा आवाज वाटतो. संवाद स्वच्छ ध्वनिमुद्रित करा, शेजारच्या खोलीत स्पीकरवर बोलण्याच्या पातळीला वाजवा, दार लावा आणि अलीकडे ११० सेंमीवर माइक ठेवून पुन्हा ध्वनिमुद्रित करा. दार उंच कंप्रता जास्त अडवतं. त्यामुळे स, च, त यांच्या कडा जातात आणि स्वर उरतात. शब्द कळत नाहीत, सूर कळतो. मूल ऐकतं ते हेच. पाचात एखादाच शब्द कळावा असं मिक्सिंग करा, आणि तो एक शब्द कोणता हे पटकथेतच ठरवा.

ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास. मुलं अचानक किंचाळतात, तेव्हा रेकॉर्डरमध्ये दुसरा सुरक्षित ट्रॅक आणखी १० डेसिबल खाली ठेवता येत असेल तर ठेवा. लेपल माइक (कपड्याला अडकवायचा) मुलांच्या कपड्यांवर घासतो आणि मुलं त्याच्याशी खेळतात. बूम (काठीवरचा माइक) ५०–६० सेंमीवर धरणं बरं. फ्रिज बंद केलात तर आठवणीसाठी गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करायचा राहत नाही.

कातरी

निवेदनावर माझं मत कडक आहे: या लघुपटात ते नकोच. 'त्या दिवशी मला कळलं नव्हतं की…' हे वाक्य आलं की पुढची आठ मिनिटं प्रेक्षक पुढच्या वाक्याची वाट बघतो आणि चित्र बघणं सोडतो.

रीळ

इतकं सरसकट नको. निवेदन चित्राशी जुळत नसेल तर उपयोगी पडतं. आवाज म्हणतो 'त्या दिवशी पाऊस होता', चित्रात ऊन आहे. आठवणीचा बेभरवसा एका वाक्यात कळतो.

कातरी

ते मान्य, पण मग अशी जागा एकच असू दे. ज्यांना निवेदन ठेवायचंच आहे त्यांच्यासाठी हिशोब: सावकाश वाचलं तर मिनिटाला १००–११० शब्द होतात. नऊ मिनिटांसाठी दीडशे शब्दांची मर्यादा घाला, म्हणजे दीड मिनिटाच्या आत. संकलनाच्या वेळी निवेदनाचा ट्रॅक बंद करून पूर्ण बघा. जिथे काहीच बिघडलं नाही तिथलं वाक्य काढा.

संकलनात दुसरी खोड म्हणजे आठवणीसाठी डिझॉल्व्ह (एक चित्र विरत दुसरं येणं) आणि पांढरा उजेड. आठवण विरघळत येत नाही, ती तुटक असते. कृती पूर्ण व्हायच्या आत सरळ कट करा. दोन प्रसंगांमध्ये १२ ते २४ फ्रेम काळं ठेवा आणि त्यात पुढच्या प्रसंगाचा आवाज आधी येऊ द्या. सेपिया (जुन्या फोटोची तपकिरी छटा), उडालेले रंग हेही नको. मुलांना रंग फिके दिसत नाहीत.

पहिली जुळणी १४–१५ मिनिटांची होईल. नऊवर आणताना शॉट कुरतडू नका, आख्खे प्रसंग काढा. कुरतडलेला लघुपट घाईचा वाटतो आणि बालपणातला वेळ तर लांबच लांब असतो.

खिडकी

खूप उपयोगाचं. कॉल शीटवर आता उंची, दात आणि फुगे तिन्ही आले. कपाट हलवल्यावर भिंतीवर उजळ चौकोन दिसावा असं पटकथेत आहे. भाड्याच्या घरात ते कसं साधायचं? आणि मुलीच्या तोंडी त्या काळातलं एखादं गाजलेलं गाणं चालेल का?

कातरवेळ

भिंतीला हात लावू नका. आठ बाय चार फुटांचे दोन प्लाय उभे जोडून त्यांना भिंतीचाच रंग द्या. कपाटाच्या मापाचा कागद हलक्या चिकटपट्टीने लावा आणि भोवती पाण्यात पातळ केलेला तपकिरी पोस्टर कलर स्पंजाने तीन-चार हातांत चढवा, वरच्या कडेला जास्त. सुकल्यावर कागद काढा. आधी फोनवर टिपून बघा, कॅमेऱ्याला हा फरक डोळ्यापेक्षा कमी दिसतो. चित्रण घर रिकामं होण्याच्या क्रमानेच करा. सामान परत लावणं टळतं आणि मुलीलाही गोष्ट आपोआप कळत जाते.

कातरी

गाण्याला दोन वेगळे हक्क असतात: रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. मुलीने नुसतं गुणगुणलं तरी रचनेचा हक्क लागतोच. महोत्सवांच्या प्रवेशिकेत परवानग्या घेतल्या आहेत असं लिहून द्यावं लागतं. स्वतः दोन ओळींचं बडबडगीत रचा, तेही खोलीच्या घुमाऱ्यात छान वाजेल. लांबीबद्दल: कानच्या लघुपट स्पर्धेची मर्यादा १५ मिनिटं आहे, ऑस्करची ४०, श्रेयनामावलीसह. नऊ मिनिटं दोन्हीकडे बसतात.

सावली

खरं घरगुती फुटेज वापरलं तर त्यात दिसणाऱ्या नातेवाइकांचं काय?

रीळ

ज्यांचा चेहरा ओळखू येतो त्या प्रत्येकाची लेखी संमती, आणि ती अंतिम प्रत होण्याआधी, कच्ची जुळणी दाखवून. नकार आला तर फुटेज काढायची तयारी हवी. म्हणून संपूर्ण गोष्ट त्या एका तुकड्यावर टांगून ठेवू नका.

खिडकी

शेवटचा शॉट: रिकामी खोली, मुलगी ओरडून बघते आणि बाहेर पळते. किती वेळ धरायचा?

कानोसा

कॅमेरा ११० सेंमीवर स्थिर. ती गेल्यावर चित्रणात पूर्ण एक मिनिट धरा, नंतर ठरवा. संकलनात मी आठ-दहा सेकंद ठेवेन. घुमारा दीड-दोन सेकंदांत विरतो. त्यानंतर खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज यावा, तोही त्याच बंद खिडकीतून ध्वनिमुद्रित केलेला. तो आवाज आला की कट.